काळीज नाजूक नव्हतं

चौगुलेबाईंना एकाच कानाने ऐकू येतं, असा कोल्हापुरातल्या निम्म्या म्हैसवाल्यांचा समज होता. त्याला कारण बाई स्वतःच. ऑपरेशन चालू असलं की त्यांच्या डाव्या कानात एक तांबडी रबरी नळी असायची. नळीचं दुसरं टोक टेबलावर आडव्या पडलेल्या कुत्र्याच्या तोंडातून आत, अन्ननलिकेत, काळजाच्या अगदी शेजारी गेलेलं. जुना स्टेथोस्कोप मोडून, त्याचा एक कान काढून टाकून, जनावराला पाजायच्या नळीला जोडून त्यांनी ते प्रकरण तयार केलं होतं. "एक कान जनावराला, एक तुमास्नी," असं त्या म्हणायच्या. प्रत्यक्षात तो दुसरा कानही आमच्या वाट्याला फारसा येत नसे. कोणी मध्येच बोललं की बाईंची भुवई वर जायची, आणि भल्याभल्यांची जीभ टाळूला चिकटायची.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्या आमच्या जनावरांच्या दवाखान्यात बदलून आल्या. मी तिथे सर्जन होतो, म्हणजे कापणारा आणि शिवणारा. भूल देणं हे आमच्याकडे तेव्हा काम नव्हतंच, कामाआधीची कटकट होती. म्हशीला, बैलाला दोरखंडाने पाडायचं, जागा बधिर करायची आणि सुरू. कुत्र्याच्या शिरेत औषध टोचायचं, डोळे मिटले की सुरू. नंतर उठलं तर उठलं. माणसांच्या कुठल्याशा इस्पितळाने टाकून दिलेलं गॅसच्या भुलीचं एक मशीन आमच्या स्टोअरमध्ये धूळ खात होतं. त्याच्यावर जुना पडदा घातलेला आणि पडद्यावर म्हादूमामांचा जेवणाचा डबा. म्हादूमामा म्हणजे आमचे ड्रेसर, मलमपट्टी करणारे, निवृत्तीला टेकलेले.

बाई पहिल्याच दिवशी स्टोअरमध्ये शिरल्या, पडद्याचं टोक उचलून आत वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "मामा, डबा घ्या. हेला मी कामाला लावतो." आमच्याकडच्या बायका 'करतो', 'येतो' असंच बोलतात, त्यात नवल नव्हतं. नवल हे की पंधरा दिवसांत त्यांनी खरंच लावलं. त्या मूळच्या शिरोळ तालुक्यातल्या, घरात निम्मं कानडी. आईला अव्वा, थोरल्या भावाला अण्णा. तो अण्णा ट्रॅक्टरची दुरुस्ती करायचा. त्याला बोलावून घेऊन गळके जोड बंद करून घेतले आणि दवाखान्याच्या साहेबांना नंतर कळवलं.

त्या मशीनमध्ये हॅलोथेन नावाचं गोडसर वासाचं औषध भरायचं, त्याचा गॅस व्हायचा. गॅसने भूल झकास यायची. पण हा गॅस भूल देता देता काळजाचा जोर काढून घेतो. नाडी मऊ लागते, रक्ताचा दाब उतरतो, हिरड्या फिक्या पडतात, आणि हे सगळं इतक्या गुपचूप होतं की कापणाऱ्याला पत्ता लागत नाही. म्हणून बाईंचं एक बोट कायम कुत्र्याच्या मांडीच्या आतल्या नाडीवर आणि कान नळीला. तास झाला, दोन झाले, बोट हलायचं नाही. मी एकदा सहज विचारलं, "बाई, झोपलं का?" तर म्हणाल्या, "झोपलेलं न्हाई. आपण पाडलंय. झोपलेलं आपलं आपण उठतंय जाधव, हेला आपण उठवायचं हाय." त्यानंतर थिएटरात कोणी 'झोपवलं' म्हटलं की त्या दुरुस्त करायच्या, मग समोर कोणी का असेना.

"थांब," हा त्यांचा आवडता शब्द. ऐन मोक्याला, मी टाका घालायला सुई टेकवली की हमखास. "थांब. मागं पडालंय." की मी सुई हवेत धरून उभा. त्या गॅस कमी करणार, सलाईन सोडणार, डोळे मिटून ऐकत राहणार. मी पाय बदलत उभा. "हं, धर आता." अशा 'थांब'मध्ये माझं आयुष्य किती गेलं याचा हिशेब नाही. मला राग यायचा, आणि तो मी चेहऱ्यावर दाखवायचोही. बाईंना चेहरे वाचायची सवय नव्हती. त्या हिरड्या बघायच्या.

राहायच्या शिवाजी पेठेत, भाड्याच्या दोन खोल्यांत. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारायची हिंमत गल्लीत कोणाला झाली नाही. फुटबॉलचं मात्र वेड. मॅच असली की भडंगाची पुडी घेऊन स्टेडियममध्ये हजर. पेठेत राहून पेठेच्या संघाला शिव्या घालणारी ती एकटीच बाई असेल. एकदा संघ हरला आणि पोरं रेफ्रीच्या नावाने बोंब मारत गल्लीत शिरली, तर बाई दारात येऊन म्हणाल्या, "हरलासा तर हरलासा म्हणा की. पेनल्टी भाईर कुणी मारली, रेफ्रीनं?" ती पोरं दोन महिने त्यांच्या दारावरून गेली नाहीत.

एकदा तालमीतला एक पैलवान शिकारी कारवानी कुत्रा घेऊन आला. रानडुकराने पोट फाडलेलं. कुत्रा कसला, हाडं आणि शिरा. पैलवान म्हणाला, "डाक्टर, इंजेक्शन देऊन पाडा आणि टाका घाला, मला कुस्तीला जायचंय." बाई म्हणाल्या, "पैलवान, हेच्या अंगावर चरबी हाय का? तुमच्यावानी? ते इंजेक्शन चरबीत मुरतंय. हेच्यात मुरायला जागा न्हाई, उद्या दुपारपतोर पडून ऱ्हाईल. गॅस लावतो. तुमी डोकं धरा." पैलवानाने डोकं धरलं. मी जखम उघडली, आतडं दिसलं, आणि धाडकन आवाज आला. कुत्रा जागच्या जागी, पैलवान खाली फरशीवर. बाईंनी नाडीवरचं बोट उचललं नाही. मान वळवून म्हणाल्या, "मामा, हेला भाईर न्या. दोन नाड्या मला धराय येत न्हाईत." कुत्रा तासाभरात उठून बसला. पैलवानाला चहा पाजून घरी पोचवावं लागलं.

दुसरी गोष्ट एका पुढाऱ्याच्या म्हाताऱ्या अल्सेशियनची. पायावर गाठ होती आणि ती आजच काढायची होती, कारण पुढाऱ्याला दुसऱ्या दिवशी मुंबईला जायचं होतं. बाईंनी नाडी धरली, छाती ऐकली, परत नाडी धरली. चार ठोक्यांनंतर एक ठोका गळत होता. "आज न्हाई," त्या म्हणाल्या. "आधी महिनाभर काळजाचं औषध. गाठ काय पळून जात न्हाई." कुत्रं घेऊन आलेला ड्रायव्हर मालकाला सांगायला गाडीकडे पळाला. अर्ध्या तासात आमचे देसाईसाहेब, म्हणजे दवाखान्याचे प्रमुख, घाम पुसत दारात उभे. "बाई, वरून फोन आलाय." बाई हात धूत होत्या. म्हणाल्या, "साहेब, त्यांना म्हणावं कुत्र्याच्या काळजाला फोन लावा. त्येनं उचलला तर मी गॅस सोडतो."

साहेबांनी त्या दिवशी रजा काढली. महिन्याने आम्ही गाठ काढली. कुत्रं उठलं, डुलत डुलत दारापर्यंत गेलं आणि न्यायला आलेल्या पुढाऱ्याच्या पांढऱ्याशुभ्र पायजम्यावर पाय वर केला. सगळे गारठले. बाईंनी खिशातून पेन काढलं आणि कागदावर लिहिलं, 'लघवी झाली, साडेअकरा.' मग पुढाऱ्याला समजावून सांगितलं, "दाब बरा ऱ्हायला म्हंजे मूत्रपिंडाला रगत पोचलंय. चांगली खूण हाय ही."

हे सगळं रंगवून सांगायला मला बरं वाटतं, कारण पुढचं सांगायला बरं वाटत नाही.

पोवार म्हणून एक गृहस्थ होते, एस.टी.च्या गॅरेजमधून निवृत्त झालेले मेकॅनिक. त्यांचा मोती, पांढरा पोमेरेनियन, सहा वर्षांचा. कानात गाठ. किरकोळ काम. पण कान कापला की रक्त फार येतं, आणि त्या दिवशी ते थांबेना. मी म्हादूमामांना म्हणालो, "ॲड्रेनलिनचा बोळा द्या." त्या औषधाने रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्त थांबतं. दोरखंडाच्या काळातली माझ्या हाताची सवय. हॅलोथेन चालू असताना ॲड्रेनलिन लावू नये, त्या गॅसखाली काळीज बिथरायलाच टपलेलं असतं, हे मला माहीत होतं. परीक्षेत मी ते लिहून मार्क मिळवले होते. तरी मी बाईंना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या 'थांब' म्हणाल्या असत्या. मला घाई होती, आणि खरं सांगायचं तर त्या 'थांब'चा मला वीट आला होता. मी भिजलेला बोळा जखमेत दाबला.

बाईंचे डोळे उघडले. "काय लावलंस?"

मी बोळा उचलून दाखवला. तोवर नळीतून ठोके सैरावैरा धावताना त्यांना ऐकू येत होते, आणि मग काहीच ऐकू येईना. त्यांनी गॅस बंद केला, प्राणवायूची पिशवी दाबायला लागल्या. मी छाती दाबत राहिलो. मामा घड्याळाकडे बघत उभे. बराच वेळ गेला. शेवटी बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सोड. संपलं."

आमच्या धंद्यात एक वाक्य आहे. ते कॉलेजात शिकवत नाहीत, नोकरीत पहिल्या वर्षी ऐकून ऐकून पाठ होतं. जनावर टेबलावर गेलं की बाहेर येऊन म्हणायचं, 'काळीज नाजूक होतं हो त्याचं.' मालक मान हलवतो, डोळे पुसतो, आणि कधी कधी तर आपलेच आभार मानून जातो. सगळा दोष ज्याला बोलता येत नाही त्याच्या अंगावर. पोवार बाकावर बसले होते, मांडीवर पट्टा आणि साखळी. मी सुरुवात केली, "पोवार, काय झालं, त्याचं काळीज जरा..."

"काळीज नाजूक नव्हतं," बाई माझ्या मागून म्हणाल्या. "चांगलं होतं. सकाळपास्नं मी ऐकत होतो. आमी मारलं."

पोवारांनी मांडीवरची साखळी गोळा केली. मग म्हणाले, "आमी म्हंजे कोण?"

"हेनं न इचारता चुकीचं औषध लावलं. ते औषध माझ्या टेबलावर होतं. गॅस चालू असताना ते तिथं ठिवायचंच नव्हतं. ते मी ठिवू दिलं."

"खरं सांगितलंसा म्हंजे लई मोठं काम केलंसा व्हय?" पोवारांचा आवाज फाटला. "माझं कुत्रं गेलं ते गेलंच की!"

"व्हय," बाई म्हणाल्या. "गेलं ते गेलंच."

त्या दिवशी बाईंनी थिएटरच्या भिंतीवर, ऑइलपेंटचा डबा आणून, स्वतःच्या हाताने लिहिलं. वर मथळा, 'ह्या टेबलावर आमच्या हातनं गेलेली'. पहिली नोंद त्यांची स्वतःची होती, त्या आल्या त्या वर्षीच्या एका मांजराची. 'गॅस जास्त सोडला, दाब पडला, उशिरा कळलं. चूक: चौगुले.' तिच्याखाली, 'मोती, पोमेरेनियन. हॅलोथेन चालू असताना ॲड्रेनलिन. चूक: जाधव, चौगुले.' मी भडकलो. म्हणालो, बाई, उद्या लोक वाचतील. माझं नाव आहे ह्याच्यावर. त्यांनी ब्रश माझ्यापुढे धरला. "पूस की. तुझं पूस, माझं ऱ्हाऊ दे. पर मग पुढल्या बारीला तू परत इचारणार न्हाईस." मी ब्रश घेतला नाही. पुसलंही नाही. पण त्यात माझं शौर्य काही नव्हतं, मला लाज वाटली इतकंच.

पोवारांनी तक्रार केली, आणि ती योग्यच होती. देसाईसाहेबांनी सर्वांत आधी भिंतीला चुना मारून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी परत लिहिलं. परत चुना, परत अक्षरं. तिसऱ्या खेपेला चुना मारायला आलेला माणूसच म्हणाला, "बाई, एकदाच काय ते ठरवा, माझा हात दुखालाय." बाईंनी त्याला चहा दिला आणि चुना वाळल्यावर ब्रश उचलला. मधल्या काळात एक गोष्ट झाली, ती मी कोणाला बोललो नव्हतो. ऑपरेशनला सुरुवात करण्याआधी मी त्या नोंदी वाचायला लागलो. मनात नसलं तरी डोळे जायचे. मग मी बाईंना विचारायचो, "हे लावू का?" त्या वर्षात टेबलावर आमच्या हातून एकही जनावर गेलं नाही.

वर्षभराने चौकशीला वरून एक अधिकारी आले. केसपेपर नव्याने लिहून तयार होता. मृत्यूचं कारण, 'पूर्वीपासूनचा हृदयविकार'. खाली दोन सह्यांना जागा. देसाईसाहेब समजुतीने बोलत होते. "बाई, कुत्रं काही परत येत नाही. तुमची दोघांची नोकरी वाचते, दवाखान्याचं नाव राहतं. कुणाचं नुकसान आहे का ह्यात?"

बाई म्हणाल्या, "मेलेल्याला नवा रोग लावू नका साहेब. त्येला कायबी झालं नव्हतं."

"तुम्ही सही करणार नाही?"

"खरं लिवा, लगेच करतो. पेन हाय माझ्याकडं."

कागद माझ्याकडे सरकला. माझी मुलगी शाळेत होती, घराचं काम अर्ध्यावर होतं, वगैरे वगैरे. ज्याला भ्यायचं असतं त्याला कारणं कमी पडत नाहीत. मी सही केली. बाई समोर बसल्या होत्या. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, तोंडाकडे नाही. आजही कुठे सही करायची वेळ आली की मला ती नजर आठवते, आणि आठवावीच.

महिन्याभरात त्यांची बदली झाली. शिरोळ तालुक्यातला छोटा दवाखाना, दोन खोल्या, गॅस नाही, टेबल नाही. लोक म्हणाले, आपल्या गावाकडेच गेल्या की, बिघडलं काय? बिघडलं हे, की ज्या बाईला काळजाचा ठोका घसरायच्या आधी कळायचा, तिला आयुष्यभर लसी टोचायला बसवलं. जायच्या दिवशी त्यांनी मशीन पुसलं, मामांना नमस्कार केला आणि मला विचारलं, "नाडी कोण धरणार आता?" मी म्हणालो, बघतो. बाई म्हणाल्या, "बघून सापडत न्हाई ती. धरावी लागतीया." भिंतीवर शेवटचा चुना लागला. त्या वेळी परत लिहायला कोणी नव्हतं. मला लिहिता आलं असतं. मी लिहिलं नाही. पुढे ऐकलं की तिकडच्या दवाखान्याचीही एक भिंत बाईंनी रंगवली, आणि तिकडच्या साहेबांनीही चुना आणला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दोन हजार उलटून बरीच वर्षं गेल्यावर, कोल्हापुरातल्याच एका हॉटेलच्या हॉलमध्ये. भुलीचा नवा गॅस, आयसोफ्लुरेन, आमच्या भागात सर्रास यायला लागला होता, त्यासाठी जनावरांच्या डॉक्टरांची सभा भरवली होती. देसाईसाहेब आता मोठ्या हुद्द्यावर, व्यासपीठावर हार घालून. गॅस विकणाऱ्या कंपनीचा एक तरुण पडद्यावर चित्रं दाखवत होता. बाई निवृत्त झाल्या होत्या. केस पांढरे, बांधा तोच. शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. मी त्यांना पाहिलं आणि तीन रांगा पुढे जाऊन बसलो.

"थोडक्यात," तो तरुण म्हणाला, "हा गॅस हृदयाला एकदम सेफ आहे. आता काळजीचं कारणच नाही."

"पावणं, जरा थांबा." मागून आवाज आला. हॉलमधल्या माना वळल्या. माझी वळली नाही, मला आवाज पुरे होता. "ठोके बिथरत न्हाईत हेच्यानं, हे खरं. जुन्यापरास लई बरा गॅस हाय, माझ्या वक्ताला असता तर नाचलो असतो. पर हा रक्तवाहिन्या सैल सोडतोय. जितका जास्त द्याल तितका दाब खाली. ते सांगितलंसा न्हाई."

"मॅडम, त्याच्यासाठी आता मॉनिटर आहे."

"मॉनिटर वरडतोय. ऐकणारा लागतोय की." बाई रांगेतून बाहेर येऊन मधल्या वाटेत उभ्या राहिल्या. "मी एक इचारतो सगळ्यास्नी. ज्येच्या हातनं टेबलावर जनावर मेलंय, रोगानं न्हाई, आपल्या हातनं, त्येनं हात वर करा." आणि त्यांनी स्वतःचा हात वर केला.

हॉलभर डॉक्टर होते. कोणी चष्मा पुसला, कोणी मोबाईल उघडला. व्यासपीठावरून देसाईसाहेब हसत म्हणाले, "चौगुलेबाई, चहा गार होतोय सगळ्यांचा."

"होऊ दे."

मी उठलो. हात वर केला आणि बोलायला लागलो. "पोवारांचा मोती. ॲड्रेनलिन मी लावलं. न विचारता. त्याला हृदयविकार नव्हता. तो होता म्हणून खोटी सही केली, तीही मीच." बोलताना मी व्यासपीठाकडे बघत होतो. साहेबांचं हसू हाराच्या वर तसंच राहिलं होतं.

मग मी मागे वळलो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, या वेळी तोंडाकडे. हसल्या नाहीत, मान डोलावली नाही, शाबासकी तर नाहीच नाही.

"दोघं झालो," त्या म्हणाल्या, आणि हात तसाच वर ठेवून हॉलवरून नजर फिरवली. "बाकीचे? सावकाश करा. मी बसत न्हाई."